काकांची अल्फा रोमिओ: खरंच होळकर महाराजांची होती का, आणि इंजिन मूळ आहे का हे कसं कळेल?

रामबाग_इंदूर

नमस्कार मंडळी. मोठे काका दिवाळीनंतर गेले, त्यांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे लोकमान्य नगरच्या घरामागच्या पत्र्याच्या गॅरेजमधली गाडी आता मी आणि आई बघतोय. अल्फा रोमिओ जुलिएट्टा स्पायडर, दोन सीटची, वर कापडी हूड (ते फाटून गेलंय), स्टिअरिंग डावीकडे, रंग लाल. लहानपणापासून ऐकत आलेय की ही १९५७ साली यशवंतराव महाराजांनी इटलीहून मागवली, मग माणिकबाग राजवाड्यातून कोणाकडे गेली आणि तिथून काकांकडे आली. आख्खं खानदान हे शपथेवर सांगतं.

आता अडचण अशी की आरसी बुक डुप्लिकेट आहे १९८६ चं, मूळ पावसात भिजून गेलं म्हणे. त्यात मॉडेल १९५७ लिहिलंय, आधीचा मालक कोण ते काहीच नाही, नंबर मात्र मुंबईचा जुना, बीएमवाला. इंजिनवर साफ दिसतंय की ते फिएट ११०० चं आहे, पद्मिनीवालं. गियर पण पद्मिनीसारखाच, स्टिअरिंगजवळ. चासी नंबर आरसीत एआर १४९५ पासून सुरू होतो, पण गाडीवर मला सापडला नाही, सगळीकडे रंगाचे थर.

मागच्या आठवड्यात एक डीलर येऊन गेला. म्हणाला ताई असंच देऊन टाका, आम्ही पूर्ण खरवडून नवा लाल मारू, बॉनेटवर महाराजांचं नाव लावू, गिऱ्हाईक लाइनीत उभं राहील. तेव्हापासून पोटात कसंतरी होतंय. विकायचं की ठेवायचं नंतर बघू, आधी मला ही गाडी कोणाची होती आणि तिच्यात खरं काय उरलंय ते कळायला हवं. सुरुवात कुठून करू?

सियागंज_पाना

ताई आधी त्या डीलरला गॅरेजच्या दारातूनच परत पाठवा. रंगाला कोणालाही हात लावू देऊ नका, तो रंग म्हणजे पुरावा आहे.

मी चाळीस वर्षं गाड्यांवर काम करतोय, जास्त फिएट आणि ॲम्बेसेडर, पण मुंबईला असताना दोन जुलिएट्टा हाताखालून गेल्यात. १९५७ ची आहे की नाही हे तुम्हाला घरबसल्या अर्ध्या तासात कळेल. पुढची चाकं सरळ करा आणि एका बाजूला पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत टेप लावा. जुन्या मालिकेची, ज्याला ७५० म्हणतात, ती २२०० मिलिमीटर भरते. साधारण १९५९ पासून १०१ मालिका आली ती २२५०. पाच सेंटीमीटरचा फरक, टेपला लपत नाही. आणि दारात पुढे तिकोनी छोटी काच आहे का, हाताने फिरवून हवा आत घ्यायची? ती लांब गाडीला आली, जुन्याला नव्हती.

नंबर इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यावर ठोकलेला असतो. सँडपेपर बिलकुल नको. रॉकेलच्या फडक्याने हळूहळू पुसा, थर फार जाड असेल तर कागद ठेवून वरून पेन्सिल घासा, लहान मुलं नाण्याचं चित्र काढतात ना तसं. आकडे उमटतात. आकड्यांची उंची सारखी आहे का, आजूबाजूला वेल्डिंग किंवा वेगळा पत्रा जोडलेला आहे का ते पण बघा आणि फोटो टाका.

इंजिनचं दुःख समजतं. मूळ इंजिन १२९० सीसीचं, वर दोन कॅमशाफ्ट, ब्लॉक आणि हेड दोन्ही ॲल्युमिनियमचे आणि आत बिडाचे लायनर, म्हणजे ज्यात पिस्टन चालतो ती नळकांडी. त्या काळात आपल्याकडे ॲल्युमिनियमच्या ब्लॉकचं काम करणारे कमी आणि पार्ट तर स्वप्नातच, त्यामुळे एकदा गरम होऊन हेड गेलं की मिस्त्री सरळ १०८९ सीसीचं फिएट बसवायचे, मी स्वतः अशी कामं केलीत. त्यात कोणाचा वाईट हेतू नव्हता, गाडी रस्त्यावर ठेवायची हाच हिशोब. आणि चांगला मिस्त्री काढलेलं इंजिन मालकाच्या हवाली करायचा, भंगारात नाही घालायचा. म्हणून माळे, कोठ्या, कोळशाची खोली, सगळं शोधा.

जुना_कागद

मी फक्त कागदांबद्दल बोलतो. महाराजांच्या गाड्या साध्यासुध्या नव्हत्या, १९३५ ची अमेरिकन ड्युसेनबर्ग, बॉडी बनवली लंडनच्या गर्नी नटिंग कंपनीने, ती तर जगभर ओळखली जाते. त्यामुळे इंदुरात कोणाच्याही गॅरेजमध्ये जुनी परदेशी गाडी दिसली की ती महाराजांचीच असं लोक धरून चालतात. पण महाराज डिसेंबर १९६१ मध्ये वारले. गाडी १०१ मालिकेची निघाली तर १९५७ ची गोष्ट तिथंच संपते आणि पुढे दोन-अडीच वर्षांचीच फट उरते, त्यात मुंबईचा नंबर. अशक्य म्हणत नाही, पण कागद नसताना ते नाव गाडीला लावणं म्हणजे पुढच्या माणसाची फसवणूक.

आरसी हरवलं तरी विम्याच्या जुन्या कव्हर नोटा शोधा, त्यावर इंजिन आणि चासी दोन्ही नंबर लिहायचे आणि लोक त्या फेकत नसत. टॅक्सच्या पावत्या, विक्रीची चिठ्ठी, गॅरेजची बिलं, गाडीसोबतचे फोटो (मागचा नंबर वाचता येईल असे). परदेशी कंपन्या आणि वकिलातींमधल्या लोकांच्या गाड्या त्या काळात इथेच विकल्या जायच्या, वकिलातीच्या पुष्कळशा एसटीसी म्हणजे सरकारी व्यापार महामंडळामार्फत. तसा कागद निघाला तर सोन्याहून पिवळं.

चासी नंबर वाचता आला की फोटोसकट इटलीत अरेसेला लिहा, मिलानजवळ. तिथं अल्फा रोमिओचं म्युझियम आहे आणि त्याला जोडून त्यांचं कागदपत्रांचं केंद्र. गाडी कधी तयार झाली, कोणत्या रंगात आणि पहिल्यांदा कुठं पाठवली हे ते रजिस्टर बघून कळवतात. पैसे लागतात, वेळ लागतो, पण घरात सांगितलेल्या गोष्टीपेक्षा ते पक्कं.

बडोदेकर

जानेवारी २०२३ मध्ये आमच्याकडे लक्ष्मीविलास पॅलेसला जुन्या गाड्यांचं मोठं प्रदर्शन झालं, दोन दिवस तिथंच होतो. मालक लोक बॉनेट उघडून आधी नंबर दाखवत होते, चकाकी नंतर. म्हणून सांगतो, हे काम वाया जाणार नाही.

नियमाचं पण बघून ठेवा. २०२१ पासून केंद्राच्या नियमात व्हिंटेज नोंदणी वेगळी आहे, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांच्या वरची गाडी, नंबरात व्हीए येतं, नव्या नोंदणीची फी २०,००० आणि मुदत १० वर्षं. पण अट अशी की गाडी मूळ स्वरूपात पाहिजे, चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा बदल नको. म्हणजे पद्मिनीच्या इंजिनवर अडणार. आधीची नोंदणी चालू असेल तर जुना नंबर ठेवता येतो, तो मुंबईचा नंबर काही झालं तरी सोडू नका. आणि डाव्या स्टिअरिंगची गाडी चालवताच येत नाही असं कोणी सांगितलं तर घाबरू नका, मोटार वाहन कायद्याच्या कलम १२० मध्ये इशारा देणारं चालू उपकरण असेल तर मुभा आहे.

रामबाग_इंदूर

तीन आठवड्यांनी लिहितेय, माफ करा, पण सांगण्यासारखं खूप आहे.

टेप लावला. मी एका टोकाला, आई दुसऱ्या टोकाला, तीनदा मोजलं, २२५०. तिकोनी काच पण आहे दोन्ही दारांना, एवढी वर्षं बघतेय पण कधी लक्षात नाही आलं की ती काही सांगून राहिली आहे. म्हणजे १९५७ गेलं. नंबर पेन्सिलने उमटला, आरसीशी आकडा न् आकडा जुळतो, पत्रा सलग आहे. डिकीतली रबरी चटई उचलली तर खाली फिकट निळा रंग, डॅशबोर्डच्या मागे पण तोच. लाल नंतरचा.

काकांच्या ट्रंकेत आयुर्वेदिक औषधांच्या डब्याखाली एक पाकीट निघालं. त्यात १९६८ ची विम्याची कव्हर नोट, त्यावर इंजिन नंबर एआर ००१०२ पासून सुरू होणारा. सोबत दोन विक्रीच्या चिठ्ठ्या. पहिली १९६६ ची, मुंबईत नोकरीला असलेल्या एका परदेशी माणसाने महूच्या एका फौजी अधिकाऱ्याला दिली, त्यात लिहिलंय की गाडी १९६० पासून आपल्याच नावावर आहे, पहिला मालक मीच, रंग निळा. दुसरी १९७१ ची, त्या अधिकाऱ्याकडून काकांना. मधे महाराजांना जागाच नाही.

आईला दाखवलं तर ती बराच वेळ चिठ्ठी हातात धरून बसली. मग म्हणाली, अगं राजवाड्यावर गाडी उभी केली की पोरं चढायची तिच्यावर, तर तुझे काका ओरडायचे, महाराजांची आहे रे, हात लावू नका. तिथून ते सुरू झालं असेल. आणि १९५७? ते काकांचं मॅट्रिकचं साल, डुप्लिकेट काढताना फॉर्मवर कोणी काय भरलं देव जाणे.

आणि सियागंजवाले दादा, कोळशाच्या खोलीत गोणपाटात गुंडाळलेलं मिळालं. फळी, मग कोळशाची पोती, त्याच्यामागे. हेड वेगळं, ब्लॉक वेगळा, दोन कार्बोरेटरची नाही, एकाचीच जागा आहे. ब्लॉकवर ००१०२ आणि पुढचा नंबर कव्हर नोटेवरचाच. तिथंच खाली बसून रडले मी. गिअरबॉक्स मात्र नाही मिळाला. अरेसेला मेल टाकलाय.

सियागंज_पाना

ताई वाचून अंगावर काटा आला. ००१०२ म्हणजे १०१ मालिकेच्या साध्या स्पायडरचं इंजिन, आणि एकच कार्बोरेटर हे अगदी बरोबर, दोन वेबर कार्बोरेटर वेलोचेला, म्हणजे तिच्या जास्त वेगवान मॉडेलला असायचे. कोणी वेलोचे करून देतो म्हणालं तर नाही म्हणा, साधी आहे तीच तिची खरी ओळख.

आता नीट ऐका. ब्लॉक कुठल्याही गॅरेजला धुवायला देऊ नका. आपल्याकडे बिडाचे ब्लॉक कॉस्टिकमध्ये उकळायची पद्धत आहे आणि कॉस्टिक ॲल्युमिनियम खाऊन टाकतो, एका रात्रीत तुमचा नंबर आणि ब्लॉक दोन्ही जातील. नंबरवाल्या जागेवर ग्राइंडर, वायर ब्रश काही नको. कोळशाच्या खोलीतून बाहेर काढा, फळीवर ठेवा, लायनरच्या आत तेलाचा हात फिरवा, वरून कोरडं सुती कापड, प्लास्टिक नको कारण आत घाम धरतो. हेडचे नट-बोल्ट, छोटं काही असेल तर डब्यात, आणि गोणपाट झटकताना खाली चादर अंथरा, कॅमच्या टोप्या पडून हरवतात.

रविवारी मी येतो, मुलाला घेऊन. खोलून बघायला नाही, फक्त हेडला तडा कुठं आहे ते बघायला.

रामबाग_इंदूर

या दादा, सकाळीच या, पोहे करून ठेवते. ब्लॉक काल रात्री आम्ही दोघींनी मिळून उचलून काकांच्या खोलीत आणला. चादर झटकली तर खरंच दोन टोप्या निघाल्या.