आईला लडाख दाखवायचंय, पैसे साठवतेय, पण तोपर्यंतचे रविवार कसे घालवायचे? (नाशिक)

गोदाकाठ_२७

नमस्कार मंडळी, मी नाशिकची, अंबडला एका कंपनीत क्वालिटीला आहे. आईला लडाखला न्यायचं हे माझ्या डोक्यात पक्कं बसलंय. आई ५६ची आहे, आजवरचा तिचा प्रवास म्हणजे माहेर, वणी, शिर्डी आणि बाबा होते तेव्हा एकदा अष्टविनायक, बास. टीव्हीवर लडाखचं पँगाँग सरोवर दिसलं की निवडत असलेली मेथी तशीच मांडीवर ठेवून बघत बसते आणि दर वेळी विचारते, "एवढं निळं खरंच असतं का गं?" तर पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये, गणपती उठले की निघायचं असं ठरवतेय. दोघींचं मिळून लाखभर रुपये धरलेत, विमान शक्यतो एकाच बाजूने.

पगार हातात ३० हजार येतो, घर स्वतःचं आहे पण घरखर्च आणि धाकट्या भावाची फी माझ्याकडेच. महिन्याला ६ हजार बाजूला काढता येतात, त्याहून जास्त नाही जमणार.

आता प्रश्न. एक म्हणजे हे पैसे ठेवायचे कुठे, म्हणजे उगाच हात लागणार नाही पण वेळेवर मिळतीलही. दुसरा जास्त महत्त्वाचा. ऑफिसातल्या मैत्रिणी म्हणतात की तोवर सिनेमा, हॉटेल, फिरणं सगळं बंद कर, एकदम लडाखच. मला हे पटत नाही. आई दिवसभर घरात एकटी असते, मला सुट्टी फक्त रविवारी, आणि तो पण कपडे धुण्यात आणि बाजारात घालवायचा तर वर्षभर दोघी नुसत्या कॅलेंडरकडे बघत बसू. कमी पैशात, जवळपास, आईला झेपेल असं काय काय करता येईल? कोणी असं केलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

पासबुकवाले_काका

ताई, तुमचा विचार एकदम योग्य आहे, आधी हे सांगतो. बँकेत नोकरी झाली माझी, काउंटरवर खूप लोक बघितले, जे सगळं बंद करून साठवायला बसतात ते चार-पाच महिन्यांत कंटाळून आरडी, म्हणजे दरमहा हप्त्याची रिकरिंग ठेव, मोडायला येतात.

पैशाचं सांगतो. तुमच्याच बँकेत रिकरिंग काढा, १५ महिन्यांचं काढा म्हणजे निघायच्या आधी मॅच्युअर होईल, आणि हप्त्याची तारीख पगाराच्या दुसऱ्या दिवशीची ठेवा. पैसे खात्यात दिसायच्या आधी गेले की त्यांची आठवणही येत नाही. पोस्टाची आरडी चांगली असते पण ती पाच वर्षांची, आणि तीन वर्षांच्या आत बंद करता येत नाही, त्यामुळे तुमच्या कामाची नाही. व्याजाचं फार मनात धरू नका, महिन्याला २५०० टाकले आणि साडेसहा टक्के धरले तरी वर्षाअखेर हजाराच्या आसपासच व्याज येतं, त्यावर फिरायला जाता येत नाही. रिकरिंगचा खरा फायदा शिस्तीचा. भिशीत मात्र हे पैसे घालू नका, नंबर कधी लागेल ते आपल्या हातात नसतं आणि मध्येच एखादा सभासद थांबला की ओळखीत वाईटपणा.

आता माझा खरा सल्ला. सहाचे सहा हजार रिकरिंगला टाकू नका. पाच तिकडे आणि एक हजार वेगळ्या पाकिटात, रोख, घरात. हे पाकीट आईकडे द्या. आणि नियम असा करा की ते पैसे त्या महिन्यात संपलेच पाहिजेत, पुढच्या महिन्यात ढकलायचे नाहीत आणि लडाखच्या खात्यात पण टाकायचे नाहीत. १५ महिन्यांचे पंच्याहत्तर हजार होतात, अधिक थोडं व्याज, उरलेले दिवाळीच्या बोनसमधून निघतील. भावाच्या फीचे पैसे या दोन्हींत मिसळू नका, ते तिसरीकडे.

अजून एक, कंपनी एलटीए, म्हणजे करात सूट मिळणारा प्रवासभत्ता, देत असेल आणि तुम्ही जुन्या कररचनेत असाल तर तिकिटं जपून ठेवा, चार वर्षांच्या ब्लॉकमध्ये दोन प्रवास धरतात. फक्त प्रवासभाडं धरतात, हॉटेल-जेवण नाही. आई तुमच्यावर अवलंबून असतील तर त्यांचंही तिकीट चालतं. एचआरला विचारून घ्या.

पंचवटीची_सुमन

अगं नाशिकमध्ये राहून रविवार कसे घालवू विचारतेस, मला तर रविवार पुरत नाहीत! माझ्या सासूबाई ६८च्या आहेत, आम्ही दोघी मिळून फिरतो, म्हणून लिहिते.

पहिलं म्हणजे आईंना सार्वजनिक वाचनालयाची सभासद कर. सावाना १८४० पासूनचं आहे, पुस्तक बदलायच्या निमित्ताने आठवड्यातून एकदा बाहेर पडणं होतं, चार बायका भेटतात, दिवसाचं एकटेपण खूप कमी होतं. लडाखवरची प्रवासवर्णनं आणून वाचू देत, जायच्या आधी त्यांनाच तुझ्यापेक्षा जास्त माहिती होईल. कुसुमाग्रज स्मारकात काही ना काही कार्यक्रम असतात, पेपरात आजचे कार्यक्रम म्हणून येतं ते बघत जा. कालिदासला नाटक आलं की बाल्कनीचं तिकीट काढायचं, दिसतं आणि ऐकू पण छान येतं, उगाच पुढच्या रांगेसाठी दुप्पट पैसे देऊ नको.

आणि थंडीत नांदूरमधमेश्वरला जाच. निफाडकडे, सकाळी लवकर निघायचं. महाराष्ट्रातली पहिली रामसर साइट, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे ती, २०२० ला जाहीर झाली. तिथे दुर्बीण भाड्याने मिळते, गाइड पण असतात. आम्ही गेलो तेव्हा गाइडने चक्रवाक बदकांची जोडी दाखवली, नारिंगी-तपकिरी अंग, डोकं फिकट, आणि उडाली की पंखात एकदम पांढरा पट्टा उघडतो. तो म्हणाला ही थंडीपुरती इकडे येतात आणि उन्हाळ्यात ह्यांची वीण तिकडे वर, लडाखमधल्या तळ्यांकाठी होते. सासूबाई परत येताना सगळ्या रस्त्याने तेच बोलत होत्या. तुझ्या आईंना तर हे दाखवलंच पाहिजे!

एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे ते वापर, मार्च २०२३ पासून आहे पण अजून किती बायका टू-व्हीलरवर पेट्रोल जाळत बसतात. एसटीचा "आवडेल तेथे प्रवास" पास पण असतो, चार दिवसांचा किंवा सात दिवसांचा, पण अर्ध्या तिकिटात हिशोब करून बघ, बायकांना दर वेळी पास परवडेलच असं नाही. लांबचं कोकण वगैरे करायचं असेल तरच.

सह्यवेडा_मनमाड

वरचं सगळं बरोबर पण मी वेगळ्या बाजूने लिहितो कारण आईंना घेऊन जायचंय आणि लेहची उंची साडेअकरा हजार फूट आहे. हे वर्ष नुसतं वाट बघायचं नाहीये, तयारीचं आहे, आणि मजा म्हणजे तयारी आणि फिरणं एकच होऊन जातं.

आईंची चालण्याची सवय कशी आहे ते लिहिलं नाही तुम्ही. सुरुवात पांडवलेणीच्या पायऱ्यांपासून करा, दर रविवारी सकाळी, घाई न करता, वर बसून डबा खायचा आणि उतरायचं. ते सोपं वाटायला लागलं की पावसाळा संपता संपता अंजनेरी. पायथ्यापासून पायऱ्या आहेत बऱ्याच अंतरापर्यंत, वर पठारावर रानफुलं, सेरोपेजियाची एक जात तर तिथेच सापडली म्हणून तिचं नावच अंजनेरिका ठेवलंय, आणि कड्यावर गिधाडं फिरताना दिसतात. जमेल तेवढंच चढायचं, माथ्यापर्यंत गेलंच पाहिजे असं नाही. हरिहर किल्ल्याचा मोह आईंच्या बाबतीत नको, त्या उभ्या कातळपायऱ्या आणि खोबण्या फोटोत भारी दिसतात पण सुट्टीच्या दिवशी वर-खाली दोन्ही बाजूची गर्दी एकाच जिन्यावर अडकते.

तुम्ही स्वतः मात्र साल्हेर कराच, मैत्रिणींबरोबर. सटाणा-ताहाराबादकडून जायचं. १५६७ मीटर, राज्यातला सगळ्यात उंच किल्ला, कळसूबाईनंतर दोन नंबरचं शिखर. १६७२ ची मोठी लढाई तिथली. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा दिला त्यात साल्हेर आहे आणि आपल्या जिल्ह्यातला तो एकच. वर परशुरामाच्या मंदिरापाशी बसलं की समोर सालोटा आणि लांब मांगी-तुंगी. खर्च काय, एसटी, जीप आणि गावात घरी जेवण.

आता लडाखचं. आईंसाठी थेट लेहला विमानाने उतरू नका, येताना विमान घ्या. जाताना श्रीनगरकडून जा, मनालीकडून नको. मनालीच्या रस्त्यावर बारालाचा, तांगलांग ला असे एकामागून एक उंच घाट येतात आणि मध्ये मुक्काम पण उंचावर. श्रीनगरकडून सोनमर्ग, झोजी ला, द्रास करत कारगिलला रात्र काढायची, कारगिल नऊ हजार फुटांच्या आत आहे, शरीराला हळूहळू सवय होते. नाशिकहून मनमाडला या, आमच्या मनमाडवरून झेलम थेट जम्मू तावीला जाते. तिथून कटरा, आणि जून २०२५ पासून कटरा-श्रीनगर वंदे भारत सुरू आहे, त्यामुळे जम्मूचा घाटरस्ता पण टळतो. रेल्वेचं बुकिंग आता ६० दिवस आधी उघडतं, तो दिवस मोबाइलमध्ये टाकून ठेवा. पावसाळ्याच्या शेवटी जम्मूकडे दरडी पडून रस्ते-गाड्या अडकतात म्हणून एक-दोन दिवस जास्तीचे हातात ठेवाच.

लेहला पोचल्यावर पहिले दोन दिवस काहीच नाही, झोपा, पाणी प्या, बाजारात हळू चक्कर. पँगाँगला मुक्काम तीन-चार रात्री लेहला झाल्यावरच. आईंना बीपी वगैरे असेल तर आत्ताच डॉक्टरांना भेटा, आदल्या आठवड्यात नाही. डायमॉक्स, म्हणजे उंचीवरच्या विरळ हवेच्या त्रासाची गोळी, कोणाच्या सांगण्यावरून घेऊ नका, सल्फाची ॲलर्जी असलेल्यांना चालत नाही, डॉक्टरच ठरवतील. आणि सिम पोस्टपेड लागतं, इकडचं प्रीपेड तिकडे चालत नाही.

आणि हो, आईंना सांगा, खरंच असतं एवढं निळं. खारं पाणी आहे तरी हिवाळ्यात अख्खं गोठतं. ढग आला की रंग बदलतो, त्यामुळे एकदा बघून उठायचं नाही, दुपार तिथेच काढायची.

वाट_पाहू_नका

सगळ्यांचं वाचलं. माझं मत जरा वेगळं आहे, राग मानू नका. आई ५६च्या आहेत, तब्येत आज चांगली आहे, पुढच्या सप्टेंबरपर्यंत कशाला थांबायचं? माझ्या वडिलांना केदारनाथला न्यायचं मी असंच पैसे साठवून करू म्हणत राहिलो, दरम्यान त्यांचे गुडघे गेले, मग हेलिकॉप्टरची चौकशी करत बसलो आणि ते काही झालं नाही. म्हणून म्हणतो, आहे त्या पैशात येत्या एप्रिल-मेमध्ये मनालीपर्यंत जाऊन या. अटल टनेलमधून पलीकडे सिस्सूला गेलात की बर्फाचे डोंगर समोर. नऊ किलोमीटरचा बोगदा आहे, पूर्वी जिथे रोहतांग ओलांडायला अर्धा दिवस जायचा तिथे आता काही मिनिटांत पलीकडे. स्लीपरने गेलात तर दोघींचं पंचवीस-तीस हजारांत होऊन जाईल. लडाख नंतर होईलच.

पंचवटीची_सुमन

वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पण त्यांनी लडाख ठरवलंय ना, तीस हजार मधेच गेले तर लडाख अजून सहा महिने पुढे, आणि मग सप्टेंबर हुकला की पुढचं वर्षच. माझ्या मते आईंनाच विचारावं, बर्फ बघायचाय की ते निळं पाणी.

गोदाकाठ_२७

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. काल रात्री आईला हे सगळं वाचून दाखवलं. केदारनाथचं ऐकून ती गप्प झाली आणि दादा, तुमचं म्हणणं मलाही लागलं, खोटं नाही बोलणार. पण सुमनताई म्हणाल्या तसं तिलाच विचारलं, तर ती म्हणाली मनाली नको, जायचं तर तिथेच जाऊ, तोवर मी पांडवलेणी चढते. म्हणजे ठरलं. फक्त तब्येतीचं आता पुढे ढकलणार नाही, तिला बीपीची गोळी चालू आहे, या शनिवारी हाफ डे टाकून डॉक्टरांकडे नेतेय, लडाखचं नाव घेऊनच विचारणार आहे.

काका, रिकरिंग पाच हजारांचं ऑनलाइन उघडलं, तारीख ८, पगार ७ला होतो. पाकिटाची आयडिया आईला इतकी आवडली की तिने जुन्या ब्लाउजपीसची पिशवी शिवून त्यात हजार ठेवले आणि या महिन्याचे कसे खर्च करायचे ते मला विचारलंच नाही, शेजारच्या काकूंना घेऊन बुधवारी सावानात जाऊन आली, येताना मेनरोडवरून दोघींनी भेळ खाल्ली आणि माझ्यासाठी बांधून आणली.

सह्यवेडा, श्रीनगरकडून जायचं पक्कं. एक शंका आहे, कारगिलला मुक्कामाचं आधी बुकिंग करावं लागतं का, की तिथे पोचल्यावर मिळतं? आणि श्रीनगर-लेह शेअर टॅक्सीत दोघींना पुढची सीट मिळते का, आईला मागे बसून गाडी लागते.

सह्यवेडा_मनमाड

सप्टेंबरमध्ये कारगिलला जागा मिळायला त्रास होऊ नये, पण आई बरोबर आहेत तर एक रात्र फोनवर बुक करून ठेवा, अंधारात खोल्या शोधत फिरायला नको. शेअर टॅक्सीत पुढच्या सीटचे जरा जास्त पैसे मागतात, द्या, तिथे काटकसर करू नका. आदल्या संध्याकाळी स्टँडवर जाऊन ड्रायव्हरशी बोलून सीट धरायची, सकाळी गेलात तर मागचीच मिळेल. मात्र एक बघा, शेअरवाले बऱ्याचदा एका दिवसात थेट लेह गाठतात, तुम्हाला कारगिलला उतरायचंय, त्यामुळे श्रीनगर-कारगिल आणि कारगिल-लेह अशा दोन वेगळ्या गाड्या करा.

डॉक्टर काय म्हणाले ते इथेच लिहा, पुढचं त्यावर ठरवू.