मदत हवी आहे: हत्तीरोगाच्या नकाशात ठिपका जुन्या गावावर टाकू की नव्या?

नमस्कार मंडळी. मी नागपूरला भूगोलात एम.ए. करते आहे. प्रकल्पासाठी कुही आणि भिवापूर तालुक्यांतल्या हत्तीरोगाचा गाववार नकाशा क्यूजीआयएस या नकाशे करायच्या संगणकप्रणालीत करायला घेतलाय. विषय सुचला तो आजीमुळे. तिचा डावा पाय मी कळत्या वयापासून सुजलेलाच पाहिला. लग्नकार्यात ती मागच्या खोलीत बसायची, लुगड्याचा काठ पावलावर ओढून.

अडलेय ते इथे. यातली बरीच गावं गोसेखुर्द धरणाच्या बुडितात गेली, माणसं पुनर्वसनात राहायला आली. हा रोग घाण पाण्यात वाढणाऱ्या क्युलेक्स डासामुळे पसरतो, पण आज डास चावला आणि उद्या पाय सुजला असं होत नाही. वर्षानुवर्षं चावे बसतात, त्यातून शिरलेले जंत लसीकावाहिन्यांत (शरीरातला लसीका हा द्रव वाहून नेणाऱ्या नळ्यांत) घर करतात आणि सूज कित्येक वर्षांनी दिसते. मग पन्नाशीतल्या बाईचा ठिपका नव्या वसाहतीवर टाकला तर रोग तिथलाच वाटणार. जुन्या गावावर टाकावा तर तिथे आता धरणाचं पाणी आहे!

शिवाय रात्री रक्तनमुने घेऊन एकही मायक्रोफायलेरिया (या जंताचं रक्तातलं सूक्ष्म पिल्लू) न सापडलेलं गाव आणि जिथे तपासणीच झाली नाही ते गाव, दोन्ही माझ्या नकाशात पांढरीच दिसताहेत. आणि पाचपन्नास घरांच्या वस्तीत एकच रुग्ण असला की ठिपका म्हणजे त्याच्या घराचा पत्ताच. आजीला ते मुळीच चाललं नसतं. कुणी असं काम केलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद: ताई, मी बरीच वर्षं हत्तीरोगाच्या रात्रचिकित्सालयात होतो. हे जंतू दिवसा रक्तात जवळजवळ सापडतच नाहीत, म्हणून आम्ही रात्री साडेआठनंतर दारोदार जायचो. सूज आणि संसर्ग एका नकाशात घालू नका. सुजेचा नकाशा आजच्या राहत्या गावावरच करा, कारण पाय धुणं, मलम, पट्टी ही सेवा तिथेच पोचवायची आहे. प्रसार अजून चालू आहे का, हे सहा-सात वर्षांच्या मुलांच्या रक्तावरून कळतं. ती पोरं पुनर्वसनातच जन्मलेली, त्यांना जुनं गाव माहीतच नाही. जिल्ह्यात 2019 पासून डीईसी, अल्बेंडाझोल आणि आयव्हरमेक्टिन अशी तीन औषधं एकत्र दिली गेली. नमुने त्याआधीचे की नंतरचे, तेही लिहा.

धागाकर्ती: काका, खूप खूप आभार! मुलांचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दोन नकाशे करते. तपासणी न झालेल्या गावांवर तिरप्या रेषा मारते, शून्य निघालेली गावं फिकट हिरवी ठेवते आणि घरांचे ठिपके काढून पूर्ण गावालाच रंग देते. आता एकच राहिलं: पुनर्वसित गावठाणांच्या हद्दी माझ्याकडच्या जनगणनेच्या नकाशात नाहीत. त्या कुठल्या कार्यालयात मिळतील, की गावात जाऊन मोबाइलच्या जीपीएसवर स्वतःच आखाव्या?