प्लॉटचा मागचा अर्धा भाग भरावाचा आहे, कॉन्ट्रॅक्टर म्हणतो सॉईल टेस्ट कशाला?

नवा_प्लॉटवाला
नमस्कार मंडळी. घराचं काम काढलंय, तळमजला आणि वर एक मजला, आरसीसी फ्रेम. प्लॉटला मागे उतार होता, तो आधीच्या मालकाने भराव टाकून लेव्हल करून घेतलाय. कधी टाकला, काय टाकला, काही माहिती नाही. मागच्या कडेला सहासात फूट असेल आणि पुढे येईपर्यंत शून्य. वरून मुरूम पसरलाय त्यामुळे बघायला सगळा प्लॉट एकसारखा वाटतो. कॉन्ट्रॅक्टरचं म्हणणं असं की आजूबाजूची सगळी घरं पाच फुटांच्या खड्ड्यावर उभी आहेत, कोणी टेस्ट केली नव्हती, आपणही पाच फूट खोदू, भरावाला भरपूर पाणी मारू, आणि दोन पावसाळे गेलेत म्हणजे माती बसलेलीच आहे. ड्रॉइंगवर मात्र इंजिनियरने एसबीसीच्या पुढे "गृहीत" असं लिहिलंय आणि तो शब्द वाचल्यापासून मला झोप लागत नाहीये. टेस्ट करायची तर कुठली, किती ठिकाणी, आणि त्यातून मला नक्की काय कळणार?

साईटवरची_ताई
दादा, इंजिनियरने "गृहीत" लिहिलं हे प्रामाणिकपणे लिहिलंय. त्याचा अर्थ इतकाच की माती बघितलेली नाही, बघून आकडा कळवा. एसबीसी म्हणजे जमीन किती भार सुरक्षित पेलेल तो आकडा, आणि सगळ्या फुटिंगची, म्हणजे कॉलमखालच्या रुंद पायाची, साईज त्यावरूनच निघते.

तुमच्या केसमध्ये मला काळजी वेगळीच वाटते. अख्खं घर सारखं दोन इंच बसलं तर फारसं बिघडत नाही, पण पुढचे कॉलम मूळ जमिनीवर आणि मागचे भरावावर असले की पुढचं जागेवर राहतं, मागचं बसत जातं आणि मधल्या भिंती फाटतात. तुमच्याकडे तर पाच फूट खोदून मागच्या फुटिंगच्या खाली अजून एकदोन फूट भराव शिल्लक राहणार. शेजाऱ्यांचे पाच फूट तुमच्या उपयोगाचे नाहीत, त्यांच्या प्लॉटला उतार होता का ते आधी विचारा.

टेस्टचं म्हणाल तर आधी दोन ट्रायल पिट, म्हणजे माती बघायला घेतलेले खड्डे, एक पुढे एक अगदी मागे. मग किमान दोन बोअर, म्हणजे मशीनने खोलवर पाडलेली भोकं, शक्य असेल तर तीन, त्यातला एक भराव सगळ्यात जास्त आहे तिथेच घ्यायला लावा, लोक सोयीच्या कोपऱ्यात घेऊन मोकळे होतात. बोअरमध्ये एसपीटी नावाची टेस्ट करतात, 63.5 किलोचा हातोडा 75 सेंटीमीटरवरून पाडत नळी मातीत ठोकायची, पहिले 15 सेंटीमीटर सोडून पुढच्या 30 सेंटीमीटरला जितके ठोके लागले तो एन, एन मोठा म्हणजे जमीन घट्ट. पण भरावात विटेचा तुकडा नाहीतर दगड नळीखाली आला की एन उगाच मोठा येतो, त्यामुळे भरावातल्या एनवर अजिबात विसंबू नका. बोअर भराव पार करून मूळ जमिनीत गेलाच पाहिजे, आणि फुटिंगच्या तळाखाली निदान त्याच्या रुंदीच्या दीडदोन पट. म्हणजे पाच फूट रुंद फुटिंग असेल तर तळापासून अजून आठदहा फूट.

इतकं खोल कशाला विचाराल तर कॅनडात ट्रान्स्कोनाला 1913 साली धान्याचं एक प्रचंड कोठार भरता भरता साधारण 27 अंशात कललं. बांधायच्या आधी मातीची टेस्ट झाली होती, पण वरच्या घट्ट चिकणमातीवरच, खाली आणखी मऊ थर होता तिथपर्यंत कोणी पोचलंच नाही. घर कोठाराएवढं जड नसतं, पण भार खाली पसरत जातो ते गणित तेच.

तडे_गेलेलं_घर
ताईंनी कॉलमचं सांगितलं, मी फरशीचं सांगतो कारण आमच्याकडे नेमकं तिथेच फसलं. आमचे सगळे कॉलम हार्ड स्ट्राटापर्यंत, म्हणजे खालच्या कठीण थरापर्यंत, नेले होते त्यामुळे आम्ही निर्धास्त. पण प्लिंथच्या, म्हणजे जोत्याच्या, आत जो भराव टाकला तो ट्रॉल्या रिकाम्या करून वरून पाणी सोडून बसवलेला आणि त्यावरच पीसीसी (सळ्या नसलेलं साधं काँक्रीट) करून फरशी. दुसऱ्या वर्षी मागच्या खोलीत स्कर्टिंगच्या (भिंतीच्या तळाशी लावलेल्या पट्टीच्या) खाली फट दिसायला लागली, आधी नख जायचं, मग बोट जायला लागलं. फरशीवर चाललं की पोकळ आवाज. आम्हाला वाटलं फरशीवाल्याने काम बिघडवलं, त्याच्याशी भांडलो पण. शेवटी फोडून बघितलं तर कोब्याखाली चार बोटं रिकामी जागा होती आणि बाथरूमचा पाइप जॉइंटला तुटून पाणी त्याच भरावात मुरत होतं. म्हणजे माती बसली म्हणून पाइप तुटला आणि पाइप तुटला म्हणून माती अजून बसली. भिंतींना एक तडा नव्हता तरी तीन खोल्या उकराव्या लागल्या. कृपया भरावाचं काम स्वतः उभं राहून करून घ्या.

नवा_प्लॉटवाला
ताई, काल मागच्या बाजूला पिट घेतला, फोटो नीट आले नाहीत म्हणून लिहूनच सांगतो. वर जेमतेम आठ इंच मुरूम. त्याखाली राखाडी माती, तिच्यात विटांचे तुकडे, टाइल्स, प्लास्टिकच्या पिशव्या, एक अख्खं पोतं निघालं. साडेपाच फुटांवर काळी पट्टी लागली वीतभर जाडीची, हातात घेतली तर मऊ, कुजका वास, त्यात गवताची मुळं अजून दिसत होती. त्याखाली मग पिवळसर घट्ट माती, कुदळ मारली की खण्णकन आवाज येतो. पुढच्या पिटमध्ये ती पिवळी माती दीड फुटांवरच लागली. ती काळी पट्टी काय आहे? आणि राखाडी माती ओली करून हातावर वळली तर सुतळीसारखी लांब वळते, तुटत नाही.

साईटवरची_ताई
ती काळी पट्टी म्हणजे जुनी जमीन, गवतासकट. वरची सेंद्रिय माती न काढता सरळ तिच्यावरच भराव ओतलाय. ते गवत कुजत राहतं, दबत राहतं, आणि उतारावर असली की ती पट्टी घसरायलाही जागा करून देते. तिच्यावर फुटिंग नको, काही झालं तरी नको.

वळते म्हणताय म्हणजे राखाडी मातीत चिकणमाती भरपूर आहे. तिचा नमुना लॅबला द्या. अटरबर्ग लिमिट्स होतात, साधारण 3 मिलीमीटर जाडीची दोरी वळता वळता तुटायला लागते तेव्हा मातीत पाणी किती होतं ते मोजतात, त्यावरून प्लास्टिसिटी कळते. सोबत फ्री स्वेल पण सांगा. चाळलेली 10 ग्रॅम माती एका नळीत पाण्यात आणि दुसरीत रॉकेलमध्ये 24 तास ठेवतात, रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. रॉकेलमध्ये 10 आणि पाण्यात 17 भरली तर फुगवटा 70 टक्के. पिवळ्या मातीचीही तीच टेस्ट करा, कारण घट्ट लागते म्हणून ती फुगणारी नसेलच असं नाही. कोरड्यात दगडासारखी लागणारी माती पाण्यात पार बदलते.

रिपोर्ट आला की नुसता एसबीसीचा आकडा बघू नका. तो कुठल्या खोलीला आहे, किती बसणं धरून काढलाय (बरेचदा 25 मिलीमीटर धरतात), पाणी किती फुटांवर लागलं आणि सल्फेट किती आहे हे बघा, सल्फेट जास्त असेल तर सिमेंट वेगळं लागतं. माझ्या अंदाजाने तुमचे मागचे फुटिंग साडेसहासात फुटांवर जातील आणि पुढचे वर राहतील, मागचे कॉलम उंच म्हणून मध्ये टाय बीम, म्हणजे कॉलम एकमेकांना बांधणारी तुळई, येईल. ते इंजिनियरला रिपोर्ट दाखवून ठरवा.

रोलर_आणि_धुम्मस
पंधरा वर्षं भरावाचीच कामं करतोय म्हणून लिहितो. पाणी मारून भराव बसतो हे वाळूच्या बाबतीत थोडंफार खरं आहे, चिकणमातीत साफ चूक. चिकणमातीला पाणी सोडलं की वरचा चिखल होतो आणि खाली ढेकळांमधल्या पोकळ्या तशाच राहतात, त्या कधीतरी नंतर बसतात. आणि पावसाळे मोजून काही कळत नाही, कचरा घातलेला भराव कुजत असेपर्यंत बसतच राहणार.

करायचं असं. प्लिंथच्या आतला हा सगळा राखाडी माल आणि ती काळी पट्टी काढून टाका, पिवळी माती उघडी पडेपर्यंत. झाडाचं खोड असेल तर मुळासकट काढून तो खड्डाही थराथराने भरायचा. मग चांगला मुरूम, सुटा असताना 20 सेंटीमीटरचा थर, त्यापेक्षा जाड नको कारण प्लेट कॉम्पॅक्टरचा (माती दाबायच्या सपाट तळाच्या मशीनचा) जोर त्याच्या खाली पोचतच नाही. पाणी किती घालायचं ते लॅबमधून काढून घ्या, प्रॉक्टर टेस्ट म्हणतात, प्रॉक्टर नावाच्या इंजिनियरने 1933 मध्ये मांडलेली पद्धत. प्रत्येक मातीला पाण्याचं एक प्रमाण असं असतं की तेवढ्यालाच ती सगळ्यात घट्ट दबते, कमी असलं तर कण सरकत नाहीत आणि जास्त झालं तर पाणीच जागा अडवतं. हातातली खूण सांगायची तर मूठ आवळल्यावर गोळा व्हावा, बोटांना पाणी लागू नये आणि गोळा दाबला की दोन तुकडे व्हावेत. पण ही खूण रोजच्या कामापुरती, दर दोनतीन थरांनी सॅंड रिप्लेसमेंट किंवा कोअर कटर या साईटवरच्या टेस्टने घनता मोजून घ्या, प्रॉक्टरमध्ये आलेल्या सगळ्यात जास्त घनतेच्या 95 टक्के आली नाही तर तो थर परत. भिंतीच्या आणि कॉलमच्या कडेला मशीन जात नाही तिथे हाताने धुम्मस (माती ठोकायचं जड अवजार) मारायला लावा, फरशी खचते ती तिथूनच सुरू होते.

तडे_गेलेलं_घर
कडेचं अगदी बरोबर, आमची फट कडेलाच सुरू झाली होती.

साईटवरची_ताई
अजून एक, पिट उघडा ठेवू नका. चार फुटांपेक्षा खोल असेल तर आत उतरायचंच नाही, भरावाची बाजू न सांगता ढासळते. पोरं खेळतात तिथे, लगेच बुजवा किंवा चारी बाजूंनी अडवा.

नवा_प्लॉटवाला
पिट आज सकाळीच अडवला ताई. इंजिनियरशी बोललो, काळ्या पट्टीचं सांगितल्यावर ते स्वतः बघायला येतो म्हणाले आणि रिपोर्ट येईपर्यंत फुटिंगचं ड्रॉइंग थांबवलंय. तीन बोअर ठरलेत, एक मागच्या कोपऱ्यात. कॉन्ट्रॅक्टर जरा नाराज आहे पण त्यालाही पिटमध्ये ते पोतं दाखवलं, मग काही बोलला नाही. लॅबचा रिपोर्ट आला की आकडे इथेच टाकतो.