निराधारचा पगार पाच महिने बंद. तहसीलच्या कामाला फुकट वकील मिळतो का?

पाणंदवाट
संजय गांधी निराधार योजनेबद्दल विचारायचं आहे. लाभार्थी विधवा, वय ५८, गाव तालुक्यापासून २२ किलोमीटर. महिन्याला १,५०० रुपये जमा व्हायचे, गेले पाच महिने काहीच नाही. तहसीलच्या खिडकीवर उत्तर मिळतं, 'वरून बंद झालंय'. बँकेत विचारलं तर 'आमच्याकडे आलंच नाही'. लेखी मात्र कुणीच काही देत नाही. सेतूबाहेर बसणारा एक जण 'दोन हजारात चालू करून देतो' म्हणतोय.

तीन प्रश्न:
१) सरकारी फुकट वकील फक्त कोर्टातल्या केसला मिळतो, की तहसीलच्या कामालाही?
२) उत्पन्नाचा दाखला जुना झालाय. तो नसला तर वकिलासाठीचा अर्ज घेतात का?
३) मागचे पाच महिने मिळतील का?

कोर्टकचेरी
पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर देतो.

तहसीलच्या कामालाही मिळतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ मध्ये 'विधी सेवा' या शब्दाची व्याख्या कोर्टापुरती नाही. कोर्ट, न्यायाधिकरण किंवा 'इतर प्राधिकारी' यांच्यापुढचं काम आणि कुठल्याही कायदेशीर बाबीवरचा सल्ला, हे सगळं तीत येतं. नायब तहसीलदारापुढचा अर्जही त्यात बसतो. शिवाय राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची २०१५ ची एक वेगळी योजनाच आहे, गरिबी निर्मूलनाच्या सरकारी योजनांचा लाभ लोकांपर्यंत पोचवण्यासाठी. विधी सेवेच्या खिडकीवर कुणी 'आम्ही फक्त केसेस बघतो' म्हणालं तर या योजनेचा उल्लेख अर्जातच करा.

दुसरं, दाखल्याची गरजच नाही. कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग, औद्योगिक कामगार, आपत्तीग्रस्त आणि कोठडीतले लोक यांना उत्पन्नाची अट नाही. ही बाई स्त्री म्हणूनच पात्र आहे, विषय संपला. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक ३ लाखांची मर्यादा आहे आणि तिथेही अर्जदाराचं उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र पुरेसं धरता येतं. त्यासाठी तलाठ्याकडे हेलपाटे नकोत. (तलाठ्याचं नवं नाव 'ग्राम महसूल अधिकारी' आहे, पण तलाठी म्हटल्याशिवाय कुणाला कळत नाही.)

जायचं कुठे? तालुक्याच्या कोर्टाच्या आवारात तालुका विधी सेवा समिती असते. तिथे दाद लागली नाही तर जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. त्याचा सचिव पूर्णवेळ न्यायिक अधिकारी असतो. फोनवर विचारायचं असेल तर १५१००. अर्ज साध्या कागदावर चालतो. लिहिता येत नसेल तर तिथला विधी स्वयंसेवक लिहून देतो, सही करता येत नसेल तर अंगठा चालतो. अर्जावर सात दिवसांत निर्णय व्हायला हवा. नाकारला तर समितीच्या किंवा प्राधिकरणाच्या अध्यक्षांकडे अपील.

वकील दिला की त्याची फी प्राधिकरण देतं. अर्जदाराकडून त्याने चहाचेही पैसे घ्यायचे नाहीत. मागितले तर थेट सचिवांना लिहा, वकील बदलून मिळतो.

एक मात्र ओळखून असा. अशा कामात वकिलाने केस लावण्याची वेळ क्वचित येते. खरा जोर असतो प्राधिकरणाच्या लेटरहेडवर तहसीलदारांना गेलेल्या पत्रात. न्यायाधीश हुद्द्याच्या सचिवाच्या सहीने 'सदर लाभ कोणत्या आदेशाने बंद केला ते कळवावे' असं पत्र गेलं की खिडकीवरचं 'वरून' हे उत्तर टिकत नाही. म्हणून अर्जात 'मला वकील द्या' एवढंच लिहू नका. 'तहसील कार्यालयाशी पत्रव्यवहार करावा' असं वेगळं वाक्य घाला.

आवकजावक
वरचं सगळं बरोबर, पण समितीकडे रिकाम्या हाताने गेलात तर तेही विचारतील, 'तहसीलला लेखी काय दिलंय?' आतापर्यंत झालं ते सगळं तोंडी. तोंडी विचारण्याला सरकारी दप्तरात किंमत नाही.

म्हणून पहिला अर्ज तहसीलदारांना, संजय गांधी योजना शाखेसाठी. दोन प्रती न्यायच्या. एक आवक टेबलावर द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. पोच देत नसतील तर वाद घालत बसू नका. पोस्टात जाऊन स्पीड पोस्टने पोच मागून पाठवा, पावती जपून ठेवा.

अर्जात 'पगार चालू करा' एवढंच लिहिणं ही सगळ्यात मोठी चूक. त्यावर 'चौकशी सुरू आहे' असं उत्तर येतं आणि विषय मिटतो. चार मुद्दे क्रमांक घालून विचारा:

१. माझं नाव आज मंजूर यादीत आहे की नाही?
२. नसल्यास कोणत्या तारखेच्या बैठकीत किंवा आदेशाने काढलं? त्याची प्रत द्यावी.
३. काढण्याआधी मला नोटीस दिली होती का? तिची पोच दाखवावी.
४. नाव यादीत असल्यास मागच्या पाच महिन्यांची डीबीटी (थेट लाभ हस्तांतरण) पोर्टलवरची स्थिती महिनावार द्यावी.

तिसरा मुद्दा कळीचा. चालू असलेला लाभ न विचारता, न ऐकून घेता बंद करणं हे नैसर्गिक न्यायाच्या विरोधात जातं. वकिलाचं पुढचं सगळं काम त्यावर उभं राहतं.

उत्तर नाही आलं तर माहिती अधिकार. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयाचा असावा लागतो. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. दारिद्र्यरेषेखालील असाल तर दाखल्याची प्रत जोडा, फी नाही. मुदत ३० दिवस. त्यानंतर ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला २० रुपयांचा स्टॅम्प. 'का बंद केलं' असं विचारू नका. माहिती अधिकारात दप्तरात असलेला कागद मिळतो, 'का' चं उत्तर मिळत नाही. 'माझ्या प्रकरणाच्या नस्तीची (फाइलची) संपूर्ण प्रत टिपणीसह आणि संबंधित समिती बैठकीच्या इतिवृत्ताचा उतारा' असं मागा.

लाभ थांबण्याची नेहमीची कारणं: हयातीचा दाखला दिला नाही किंवा दिला पण यादीत नोंदला नाही. आधारवरचं आणि मंजुरी आदेशातलं नाव जुळत नाही (माहेरचं-सासरचं नाव, 'बाई' लावलेलं-न लावलेलं). गावच्या पडताळणीत 'मयत' किंवा 'स्थलांतरित' असा शेरा पडला. आणि उत्पन्न २१,००० च्या वर दाखवलं गेलं.

हा २१,००० चा आकडा म्हणजे दिवसाला साठ रुपयेसुद्धा नाहीत. आज रोजगार हमीवर जाणारं माणूसही त्यात बसणं कठीण. त्यामुळे दाखला काढतानाच बघा, की कमावत्या मुलाचं उत्पन्न आईच्या नावावर चढलं नाही ना. मुलगा खरोखर वेगळा राहत असेल तर आधी शिधापत्रिका वेगळी करा, मग दाखला मागा. वेगळा राहत नसेल तर तसं लिहून देऊ नका. खोटा स्वयंघोषणेचा कागद पुढे वसुलीला कारण होतो आणि तिथे फुकटचा वकीलही फार काही करू शकत नाही.

उत्पन्नाचा दाखला लोकसेवा हक्क कायदा २०१५ खाली आहे, मुदत १५ दिवस. सेतूची पावती हाच पुरावा. मुदत टळली की ३० दिवसांत प्रथम अपील. दाखल्यासाठीच्या प्रतिज्ञापत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, कुणी विकायला बघत असेल तर घेऊ नका.

टिपणवही
माहिती अधिकार वगैरे ठीक आहे, पण त्यात महिना जातो. त्याआधी दहा मिनिटांचं एक काम करा.

पैसे आता डीबीटीने येतात. डीबीटी खाते क्रमांक बघत नाही, आधार बघतं. एका आधारला एकच बँक जोडलेली असते आणि शेवटी जिथे जोडलं ती धरली जाते. एनपीसीआयच्या (बँकांमधले व्यवहार चालवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या) नोंदीत ज्या बँकेचं नाव, पैसे तिथे. पासबुक कुठलंही दाखवा, फरक पडत नाही. 'बँकेत आधार दिलंय' आणि 'आधार सीडिंग झालंय' (म्हणजे त्या नोंदीत आधारसमोर ती बँक लागली) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शाखेतले लोकसुद्धा त्यात गोंधळतात.

माय आधार संकेतस्थळावर आधार क्रमांक आणि ओटीपीने लॉगिन करा, 'बँक सीडिंग स्टेटस' बघा. बँकेचं नाव, ॲक्टिव्ह की इनॲक्टिव्ह, आणि शेवटचा बदल कधी झाला ती तारीख दिसते. मोबाईल आधारला जोडलेला नसेल तर आधी आधार केंद्रावर तो जोडून घ्यावा लागेल. तिथे बाईंनी स्वतः जायला हवं.

इनॲक्टिव्ह असेल तर तहसीलचा दोष शोधू नका.

पाणंदवाट
पाहिलं. ॲक्टिव्ह आहे, पण बँक भलतीच! मोबाईलच्या दुकानात सिम घेताना उघडलेलं पेमेंट बँकेचं खातं दिसतंय. बदलाची तारीख सहा महिन्यांपूर्वीची. म्हणजे पैसे गेले कुठे?

टिपणवही
बहुतेक तिथेच साठले आहेत. पाचचे पाच महिने. नाव यादीतून कमी झालं नसेल तर तुमचा तिसरा प्रश्न इथेच सुटतो.

आधी शिल्लक बघा. पासबुक नसलं तरी आधारवर चालणाऱ्या अंगठ्याच्या यंत्रावर ती बँक निवडून शिल्लक तपासता येते. पैसे असतील तर काढा, पण सावध राहा. शिल्लक बघायला एक अंगठा, पैसे काढायला एक. 'लागला नाही, परत लावा' असं म्हटलं की आधी पडद्यावर काय आलं ते वाचा आणि छापील पावती घ्या. अंगठा दोनदा घेऊन रक्कम एकदाच हातात देणं हा जुना धंदा आहे. त्या सेतूबाहेरच्या माणसाकडे हे काम करू नका. दोन हजारात तो बहुधा हेच करणार होता.

मग आधार परत जुन्या बँकेत जोडा. शाखेत आधार सीडिंगचा संमती अर्ज मिळतो. त्यात 'आधीच्या बँकेतून इथे वळवा' असा पर्याय असतो, तिथे त्या पेमेंट बँकेचं नाव लिहायचं. हे लिहायचं राहिलं तर अर्ज पडून राहतो. पोच घ्या आणि आठवड्याने पुन्हा सीडिंग स्टेटस बघा. बँकेचं नाव बदलल्याशिवाय काम झालं असं धरू नका.

खातं वापराविना निष्क्रिय झालं असेल तर ते चालू करायला शुल्क नाही, निष्क्रिय खात्यावर किमान शिलकीचा दंडही लावता येत नाही. जुनं खातं साधं बचत असेल तर 'मूलभूत बचत ठेव खातं' करून घ्या, त्यात किमान शिलकीची भानगडच नाही.

कोर्टकचेरी
टिपणवहींचा मुद्दा बिनतोड. तरी तहसीलचा अर्ज टाकाच. पेमेंट बँकेत तीनच महिन्यांचे पैसे निघाले, तर उरलेल्या दोन महिन्यांचा हिशेब चौथ्या मुद्द्यातूनच मिळणार.

थकबाकीचं असं आहे. रक्कम पाठवली पण परत गेली असेल तर ती पुन्हा पाठवण्याची मागणी करायची, महिन्यांची नावं लिहून. नावच काढलं असेल तर पुन्हा मंजुरी मिळताना कार्यालय पुढच्या महिन्यापासून चालू करून मोकळं होतं. म्हणून 'बंद केल्याच्या तारखेपासून फरकासह' हे शब्द अर्जात, वकिलाच्या पत्रात, सगळीकडे हवेत. जे मागितलंच नाही ते आपोआप मिळेल अशी आशा ठेवू नये.

संमतीशिवाय उघडलेल्या खात्याबद्दल त्या बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. फी नाही, वकील लागत नाही, माहितीसाठी १४४४८. हा अर्जसुद्धा विधी स्वयंसेवक भरून देतो.

तहसील आणि जिल्हाधिकारी दोन्हीकडे लेखी देऊनही नाव परत घेतलं नाही तर शेवटची पायरी उच्च न्यायालयातली रिट याचिका. तिथेही उच्च न्यायालय विधी सेवा समिती वकील देते. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांना १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे, मुंबईची फेरी वाचते.

आवकजावक
दोन गोष्टी राहिल्या.

मधल्या काळात कुणी या बाईंचा 'लाडकी बहीण'चा अर्ज भरला का, ते तपासा. दुसऱ्या सरकारी योजनेतून १,५०० किंवा जास्त मिळत असेल तर त्या योजनेत बसत नाही. दोन्हीकडे नाव दिसलं की पडताळणीत गोंधळ होतो. भरला असेल तर तो मागे घेतल्याचं लेखी देऊन पोच ठेवा.

आणि वयाची ६५ पूर्ण झाली की संजय गांधीमधून श्रावणबाळ योजनेत जावं लागतं. जन्मतारखेचा पुरावा कुठे वेगळा, आधारवर वेगळा असेल तर बदल त्याच वेळी अडतो. बाई ५८ च्या आहेत, सात वर्षं हाताशी आहेत. आधारवरची तारीख आताच शाळेच्या दाखल्याशी ताडून घ्या.

पाणंदवाट
शिल्लक निघाली: ६,०००. म्हणजे चार महिने. पाचव्या महिन्यासाठी उद्या अर्ज घेऊन तहसीलला. चार मुद्दे तसेच लिहितोय, चौथ्यात त्या एका महिन्याचं नाव घालून.

आवकजावक
सोबत त्या खात्याचा छापील उतारा जोडा, अंगठ्याच्या यंत्राची चिठ्ठी नको. तिची शाई महिन्याभरात उडते.