मदत हवी आहे: जावा ८ मध्ये २५६ बिटांची किल्ली कशी चालवावी?

नमस्कार. पुण्यातील एका सहकारी पतसंस्थेच्या खातेदारांची माहिती एईएस पद्धतीने, २५६ बिटांच्या किल्लीने कूटबद्ध करण्याचे काम माझ्याकडे आहे. सर्व्हरवर जावा ८ चे अपडेट १४४ आहे. त्यावर १२८ बिटांची किल्ली विनातक्रार चालते, मात्र २५६ बिटांची दिली की 'इल्लीगल की साइझ' अशी त्रुटी येऊन प्रोग्रॅम थांबतो.

काही देशांच्या आयात निर्बंधांमुळे किल्लीवरची ही १२८ बिटांची मर्यादा जावाच्या मूळ संचातच घातलेली होती. अपडेट १५१ पासून 'क्रिप्टो पॉलिसी' या सेटिंगमध्ये 'अनलिमिटेड' लिहिले की ती उठते आणि अपडेट १६१ पासून ती मुळातच नाही, हे मला माहीत आहे. परंतु हिशेबाचे सॉफ्टवेअर अपडेट १४४ वरच तपासलेले असल्याने मार्चअखेर होईपर्यंत जावा बदलण्यास संस्था तयार नाही, आणि लोकांच्या ठेवींचा प्रश्न असल्याने मला ते योग्यच वाटते.

म्हणजे ही मर्यादा ठरवणाऱ्या, जावासोबत येणाऱ्या धोरणाच्या दोन जार फाइली (जावाच्या एकत्र बांधलेल्या फाइली) बदलणे एवढाच मार्ग उरतो. आमच्याकडे जेडीके (प्रोग्रॅम तयार करण्याचा जावा संच) आणि स्वतंत्र जेआरई (प्रोग्रॅम फक्त चालवण्याचा संच) असे दोन्ही संच आहेत. प्रोग्रॅम नेमका कोणत्या संचावर चालतो हे खात्रीने कसे ओळखावे, आणि फाइली दोन्हीकडे बदलाव्यात का? ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.