सी ड्राइव्ह लाल झाला, जागा कोणं खाल्ली?

प्रश्न: राजेहो, मेहकर तालुक्यात सेतू चालवतो, पीकविम्याची गर्दी हाये अन् सी ड्राइव्हात 2 जीबीच उरली. सातबारे तर मी डी मधी ठेवतो, मंग सी कायनं भरून रायला?

उत्तर: भाऊ, अंदाजानं काही डिलीट नोको करू. विनडिरस्टॅट (WinDirStat) टाक, कोणत्या फाइलनं किती जागा खाल्ली ते चौकोनांच्या नकाशात दाखवणारं सॉफ्टवेअर, फुकट हाये, अ‍ॅडमिन म्हणून चालव, नाहीतर काही फोल्डर त्याले वाचताच येत नाहीत. जेवढा मोठा चौकोन तेवढी मोठी फाइल, क्लिक केलं की ते कुठं हाये ते दिसते. विंडोज फोल्डरले मात्र हात लावू नोको.

उत्तर: हायबरफिल नावाची मोठी फाइल दिसन, ते हायबरनेटची, म्हणजे उघडं काम डिस्कवर ठेवून कॉम्प्युटर बंद करायची सोय; लोक बंद कर म्हणतीन, पण आपल्याकडं लाइन जाते, बॅटरी संपत आली की हायबरनेटच उघडं काम वाचवते, म्हणून राहू दे. विंडोज डॉट ओल्ड, म्हणजे अपग्रेडनंतर उरलेल्या जुन्या विंडोजचं फोल्डर, असन तर डिस्क क्लीनअपमधून काढ.

प्रश्नकर्ता: सापडलं भाऊ!! स्कॅनर सगळं सी मधल्या डॉक्युमेंट्समधी बीएमपीत, म्हणजे न दाबलेल्या जड फोटो फाइलीत, सेव्ह करत होता, 300 डीपीआयचं एक रंगीत ए4 पान म्हणजे 25 एमबी, असे दोन वर्षांचे कागद.

उत्तर: पीडीएफ कर, अन् पहिले पेनड्राइव्हवर कॉपी घे, लोकांचे कागद हायेत ते.