अजिंक्यताऱ्यावरची रोपं आणि आमचा बागेचा ग्रुप

इथे कुणीतरी लिहिलंय की बागप्रेमी मंडळं म्हणजे गुलाबाचं प्रदर्शन आणि ५ जूनला, पर्यावरण दिनाला, झाड लावतानाचा फोटो. तसं होतं काही ठिकाणी, पण सगळीकडे नाही हो. मी साताऱ्याची, आमचा ग्रुप छोटाच आहे आणि आमचं खरं काम पावसाळ्यात नसतंच, ते फेब्रुवारी ते मे, लावलेली रोपं उन्हाळ्यात जगवायचं. अजिंक्यतारा किल्ल्याच्या उतारावर नुसता मुरूम आणि कातळ, माती जेमतेम वीतभर, वर वणव्याची भीती, त्यामुळे रोपाभोवतीचं गवत आधी खुरप्याने साफ करायचं आणि आच्छादनाला वाळका पाला अजिबात नाही घालायचा, तोच आधी पेटतो. आम्ही बुंध्याभोवती चपटे दगड रचतो. एप्रिलमध्ये एक दगड उचलून बघितला तर खालची माती गार आणि ओलसर, इतकं बरं वाटलं!

रोपं घरीच करतो, दुधाच्या पिशव्यांत, करंज, बहावा, आपटा. बहाव्याचं बी फार टणक, पॉलिशपेपरवर घासून रात्रभर भिजवलं की मगच नीट रुजतं.

आणि प्लीज, साताऱ्याजवळच्या कास पठारावर सीडबॉल, म्हणजे बी घातलेले मातीचे गोळे, टाकायला जाऊ नका. कास २०१२ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेलेल्या पश्चिम घाटाचा भाग आहे, तिथली फुलं कातळावरच्या पातळ मातीत उघड्या उन्हात वाढतात, झाडांची सावली पडली तर ती फुलंच नाहीशी होतील. हे आम्ही शाळांमधूनही सांगतो.

बहाव्याची रोपं शिल्लक आहेत, साताऱ्यातल्या कुणाला हवी असतील तर इथेच सांगा.